सज्ञान लेकराचे पालकत्व व त्याचे स्वातंत्र्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त जालना एमआयडीसी येथे भरलेल्या पालकांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे गतवर्षांचा हिशेब आलाच. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती कुटुंबे बाहेरगावाहून येथे येऊन स्थायिक झाली, हे सारे आपण या दिवसांत आनंदाने मोजीत आहो. ते योग्यच आहे. परंतु आमच्या धर्मग्रामात अशीही काही माणसे आहेत, की ज्यांचे नाव बाप्तिस्म्याच्या दप्तरात एकदा लिहिले गेले आणि त्यानंतर कोठल्याच दप्तरात फारसे आले नाही. ती लग्नाच्या यादीत नाहीत, सभेच्या यादीत नाहीत, गायनमंडळात नाहीत. ज्यांची बुद्धी जन्मतः किंवा बालपणापासून मंद गतीने वाढली आणि शरीराने मात्र जी वीस, तीस, चाळीस वर्षांची झाली, अशा आपल्या भावाबहिणींविषयी आज आम्ही बोलणार आहो.

अशा माणसांस पूर्वी गावात खुळा किंवा वेडसर म्हणत. पुढे मतिमंद हा शब्द आला. आज कायद्यात बौद्धिक दिव्यांग असा शब्द योजितात. शब्द बदलले हे बरेच झाले. परंतु शब्दाबरोबर दृष्टी बदलली नाही तर नुसत्या शब्दाने काय साधणार? एक भेद मात्र प्रारंभीच ध्यानात घ्यावा. मनाचा आजार ही एक गोष्ट आणि बुद्धीची वाढ कमी होणे ही दुसरी गोष्ट. आजार येतो, औषधाने पुष्कळदा बराही होतो. बौद्धिक दिव्यांगत्व हा आजार नव्हे. ते त्या मनुष्याबरोबर जन्मभर राहणारे असते, आणि त्यातही सौम्य ते अतितीव्र अशा अनेक पायऱ्या असतात. सर्वांस एकाच मापाने मोजणे हा पहिला अन्याय होय.

या औद्योगिक वसाहतीत आपले जीवन कसे आहे, हे आपणांस सांगावयास नको. पोलादाच्या भट्ट्या आणि सळईचे कारखाने रात्रंदिवस चालतात. बाप पाळीवर जातो, आई कोठे बियाण्यांच्या कामावर, कोठे घरकामास जाते. घरी तीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. शेजारी एखादा म्हातारा लक्ष ठेवतो, नाहीतर बाहेरून कडी लागते. या मातापित्यांनी जे सोसले त्यास सीमा नाही, आणि आज आम्ही जे बोलणार ते त्यांस दोष देण्यासाठी नव्हे. परंतु घरोघरी भेटीस गेलो असता एक गोष्ट आम्ही वारंवार पाहतो. त्या मुलाकडे पाहून आम्ही विचारतो, “कसा आहेस बाळा?” आणि उत्तर आई देते. “चहा घेशील का?” याचे उत्तर बाप देतो. आणि मग ते नेहमीचे वाक्य कानी येते, “फादर, त्याला काय कळतंय?” हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते यात शंका नाही. तथापि त्याच वाक्यातून पुढे मोठमोठे अनर्थ उत्पन्न होतात, आणि म्हणूनच आज आम्ही त्याची परीक्षा करू इच्छितो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण पुष्कळ पालकांस ही गोष्ट ठाऊकच नसते. आपल्या देशात १८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी झाली की मनुष्य सज्ञान होतो. त्या दिवशी आईबापांचे कायदेशीर पालकत्व संपते. मूल बौद्धिक दिव्यांग असले तरीही ते संपते. अठरा वर्षांच्या पुढे आईच्या सहीने त्याचा व्यवहार चालत नाही आणि बापाच्या संमतीने त्याची संमती होत नाही. हे ठाऊक नसल्याने दोन प्रकारच्या चुका होतात. कित्येक पालक असे समजतात की आमचे लेकरू जन्मभर आमच्याच ताब्यात. त्याचे पैसे, त्याचे शरीर, त्याचे बरेवाईट सारे आम्हीच ठरवावे. दुसरे कित्येक काहीच करीत नाहीत. देव पाहून घेईल म्हणतात. परंतु आईबाप काही जन्माला पुरत नाहीत. त्यांच्या मागे घराच्या वाट्याचा प्रश्न निघतो, निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघतो, आणि तेव्हा ज्याचा आवाज मोठा तोच त्या दुबळ्याचा पालक होऊन बसतो.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याची कथा आहे. प्रभू येशूने त्यास दृष्टी दिली, तेव्हा यहूदी अधिकाऱ्यांनी त्याच्या आईबापांस बोलावून आणले व हा प्रकार कसा घडला असे विचारिले. आईबाप म्हणाले की हा आमचा मुलगा आहे व तो आंधळा जन्मला एवढे आम्ही जाणतो. पुढचे त्याचे तो सांगेल, कारण तो आता मोठा झाला आहे. शुभवर्तमानकार स्पष्ट सांगतो की ते सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने असे बोलले. परंतु भीतीने का होईना, त्यांच्या मुखातून खरी गोष्ट निघाली. मूल मोठे झाले म्हणजे त्याच्याविषयी त्यास विचारावे. आणि तो, ज्यास भीक मागण्यापलीकडे काही येत असेल असे कोणास वाटले नव्हते, तो त्या विद्वानांपुढे उभा राहून असा बोलला की ते निरुत्तर झाले.

तो मनुष्य डोळ्यांनी अधू होता, बुद्धीने नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही येथे एक नियम दिसतो व तो प्रभूच्या सर्व वागणुकीत आढळतो. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडू लागला, तेव्हा लोकांनी त्यास गप्प बसविले. प्रभूने त्यास जवळ बोलाविले आणि बरे करण्यापूर्वी विचारिले की तुझी इच्छा काय आहे. आंधळ्याची इच्छा काय असणार हे सर्वज्ञ प्रभूस ठाऊक नव्हते काय? ठाऊक होतेच. तरी त्याने विचारिले. नाझरेथच्या कुमारीकडे देवदूत आला तेव्हाही जगाच्या तारणाची एवढी मोठी गोष्ट तिच्या होकारासाठी थांबली. स्वतः परमेश्वर मनुष्याच्या इच्छेला इतका मान देतो, तर आम्ही आपल्या लेकराची इच्छा न विचारता त्याचा कारभार करणारे कोण?

आपल्या धर्माची शिकवण अशी की मनुष्य हा देवाच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण झाला आहे. ही प्रतिमा परीक्षेतील गुणांवरून कमीजास्त होत नाही. पोप दहावे पायस यांनी १९१० साली लहान मुलांस लवकर कम्युनियन देण्याविषयी जो आदेश काढिला, त्यात त्यांनी पूर्ण धर्मशिक्षणाची अट घातली नाही. ही भाकर नेहमीच्या भाकरीहून वेगळी आहे एवढे ओळखता यावे, हीच मुख्य कसोटी ठेविली. ही कसोटी केवळ मुलांसाठी नाही. मंदबुद्धीचा मनुष्य प्रश्नोत्तरी पाठ म्हणू शकत नसेल, पण तो वेदीपुढे हात जोडून ज्या उत्कंठेने उभा राहतो, ती पाहून त्यास काही कळत नाही असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. अल्प का होईना, त्यास कळते, आणि जेवढे कळते तेवढ्यापुरती इच्छा त्याची स्वतःची असते.

ही इच्छा विचारात न घेण्याचा परिणाम काय होतो, हे मागील शतकाने जगास दाखविले आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात कॅरी बक नावाची एक गरीब तरुणी मंदबुद्धी ठरवून संस्थेत ठेवण्यात आली होती. तिला मूल होऊ नये म्हणून तिच्यावर शस्त्रक्रिया करावी असा संस्थेचा आग्रह होता. १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली. आठ न्यायाधीश एका बाजूस होते. विरुद्ध मत देणारे एकच, पीअर्स बटलर, हे कॅथोलिक होते. ती तरुणी मंदबुद्धी नव्हतीच, असे पुढे उघड झाले. परंतु तोपर्यंत शस्त्रक्रिया होऊन गेली होती. १९३० च्या डिसेंबरात पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्ती विवाहाविषयीच्या आपल्या विश्वपत्रात या प्रकाराचा निषेध केला आणि निरपराध प्रजाजनाच्या शरीरावर सरकारची अशी सत्ता चालत नाही असे शिकविले. तरीही जर्मनीत १९३३ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला, आणि पुढे दुबळ्यांस सरसकट ठार मारण्यापर्यंत मजल गेली. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे महागुरुस्वामी फॉन गालेन यांनी देवमंदिरातील व्यासपीठावरून या हत्येस उघड विरोध केला. जो काम करू शकत नाही त्यास जगण्याचा हक्क नाही असे एकदा मानिले, तर आपण सारेच वृद्धपणी वध्य ठरू, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय होता.

हे परदेशातील झाले असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या महाराष्ट्रातही १९९४ साली असाच एक प्रकार घडला. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे मतिमंद मुलींचे सरकारी वसतिगृह होते. तेथील कित्येक मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढून टाकण्यात आली. त्यांस मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही, असे कारण सांगण्यात आले. त्या आजारी नव्हत्या. महिला संघटनांनी व वर्तमानपत्रांनी आवाज उठविला आणि हा प्रकार राज्यभर गाजला. बंधुभगिनींनो, या शस्त्रक्रियांची व्यवस्था करणारी माणसे दुष्टच होती असे आम्ही म्हणत नाही. आपण त्यांच्या हिताचेच करीत आहो, असे त्यांस वाटत असेल. दुष्टाची ओळख पटते, पण हिताच्या नावाखाली होणारा अन्याय ओळखता येत नाही, हीच त्यातील भीती होय. शरीर त्या मुलींचे होते, आणि त्यांस नीट समजावून, विचारून ही गोष्ट केली पाहिजे असे कोणाच्या मनात आले नाही.

आता आपल्या देशातील पालकत्वाच्या कायद्याविषयी सविस्तर सांगतो. कारण हे आपल्या नित्य उपयोगाचे आहे. १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी हा कायदा आहे. अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीस पालक नेमण्याचे काम यात जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे दिले आहे. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असे सभासद असतात. आईबाप किंवा नातेवाईक तेथे अर्ज करू शकतात. लक्षात घ्या, अर्ज आला म्हणजे पालक नेमावाच असे नाही. या व्यक्तीस पालकाची गरज आहे काय, आणि असल्यास कोणकोणत्या कामासाठी, हे समितीने आधी तपासावयाचे असते. पालक नेमल्यावर त्याने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची, इतर जिंदगीची व देण्याघेण्याची यादी सादर करावी लागते, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. पालकाने हेळसांड केली, छळ केला किंवा मालमत्ता गिळली, तर त्यास काढून टाकण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे पालक हा मालक नव्हे. तो हिशेब देणारा कारभारी आहे. शुभवर्तमानातील कारभाऱ्याचे दाखले आपण पुष्कळ वेळा ऐकिले आहेत, तेच येथे लागू होतात.

यानंतर विचार आणखी एक पाऊल पुढे गेला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली करार केला व भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. दिव्यांग मनुष्यही इतरांप्रमाणेच कायद्याने समर्थ मानिला जावा, असे त्याच्या बाराव्या कलमात आहे. त्याला अनुसरून आपल्या संसदेने २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम केला व तो एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात मर्यादित पालकत्व ही कल्पना आहे. तिचा अर्थ असा की पालक व ती व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने मिळून निर्णय घ्यावा. तो ठरावीक कामापुरता व ठरावीक मुदतीपुरता असावा. आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे चालावा. प्रथम त्यास समजण्यास योग्य ते साहाय्य द्यावे. ते देऊनही कायद्याने बांधणारा निर्णय त्यास घेता आला नाही, तरच जिल्हा न्यायालयाने किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने असा पालक द्यावा. ज्यास सर्वच बाबतींत साहाय्य लागते, त्यास पूर्ण साहाय्य देण्याचीही मुभा आहे, परंतु त्या निर्णयाचा पुन्हा आढावा घ्यावा लागतो. आणखी महत्त्वाची गोष्ट ही की, दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालकही आता मर्यादित पालक म्हणूनच वागला पाहिजे.

याच कायद्यात आणखी तीन गोष्टी आहेत, त्या पालकांनी मनात कोरून ठेवाव्या. साहाय्य करणाऱ्याने दबाव आणू नये. त्याने त्या व्यक्तीचे स्वातंत्र्य, मान व खाजगीपणा राखावा. एखाद्या पैशाच्या व्यवहारात साहाय्यकाचा स्वतःचा स्वार्थ आड येत असेल, तर त्याने त्या व्यवहारातून बाजूस व्हावे. आणि आपला साहाय्यक बदलण्याचा हक्क त्या व्यक्तीस आहे. ज्या शस्त्रक्रियेने मूल होण्याची शक्ती नष्ट होते, ती तर त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीवाचून करिता येत नाही. शिरूरच्या मुलींस हे संरक्षण लाभले असते तर!

न्यायालयांनीही ही दिशा दाखविली आहे. २००९ साली चंदीगड येथील सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्या एका अनाथ, सौम्य बौद्धिक दिव्यांग तरुणीवर अत्याचार होऊन ती गरोदर राहिली. तिचा गर्भ काढावा असे उच्च न्यायालयाने ठरविले. ती मात्र मूल वाढवू इच्छीत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा तेथे असे ठरले की ती मनोरुग्ण नव्हे, ती सज्ञान आहे, आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात करिता येणार नाही. ज्या इवल्या जिवास जगाने नको म्हटले, त्याच्या बाजूने त्या तरुणीची इच्छा उभी राहिली. ख्रिस्ती मनास याहून अधिक सांगावयास नको. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयापुढेही सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या गर्भपातासाठी तिच्या पित्याचा अर्ज आला. वैद्यकीय मंडळाने सांगितले की ती मनोरुग्ण नाही, तिची बुद्धी सरासरीहून किंचित कमी आहे. बुद्धी थोडी कमी म्हणून तिला आई होण्याचा हक्क नाही काय, असा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारिला. पित्याची काळजी खोटी नव्हती. पण मुलीची इच्छा हीही एक गोष्ट आहे, याची आठवण न्यायालयास करून द्यावी लागली.

येथे दोन शंका निघतात व त्या रास्त आहेत. पहिली अशी की, “फादर, आमचे लेकरू बोलतही नाही, त्याला काय विचारावे?” उत्तर असे की इच्छा केवळ शब्दांनी प्रकट होत नाही. कोणाच्या हातून तो आनंदाने जेवतो, कोण जवळ येताच आक्रसतो, कोणत्या घरी गेल्यावर रात्री शांत झोपतो, हे त्याच्या आईइतके कोण जाणते? ती जाणीव हीच त्याची साक्ष समजावी. मुक्या लेकराच्या डोळ्यांतील भीती पाहूनही जो त्याच नातेवाइकास पालक नेमण्याची घाई करील, त्याने विचारले नाही असेच होईल.

दुसरी शंका अशी की, “स्वातंत्र्य दिले तर तो पैसे उधळील, फसेल, रस्त्यावर जाईल.” होय, धोका आहे. आम्ही त्यास मोकळा सोडा असे म्हणत नाही. मोकळे सोडणे व स्वातंत्र्य देणे यांत अंतर आहे. लहान गोष्टींपासून आरंभ करावा. कोणता सदरा घालावयाचा, पोळी खावयाची की भाकरी, मिस्सेस कोणाशेजारी बसावयाचे, आठवड्याचे वीस रुपये कशावर खर्च करावयाचे, हे त्यास ठरवू द्यावे. चुकला तर चुकू द्यावे. आपण सारे चुकतच शिकलो. ज्याने जन्मात कधी निवड केली नाही, त्यास चाळिसाव्या वर्षी एकाएकी विचारले तर तो गोंधळणारच, आणि मग आपण म्हणणार की पाहा, त्याला काही कळत नाही! त्याची असमर्थता किती आणि आपण न शिकविल्याचा परिणाम किती, हे प्रत्येक घराने प्रामाणिकपणे तपासावे. ज्या गोष्टीने जन्माचे नुकसान होईल, जसे घर विकणे किंवा कर्जास सही देणे, तेथे मात्र पालकाचा हात हवा. हात धरणे व हात बांधणे यांतील भेद एवढाच आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी ओळखपत्र करून घ्यावे. यावाचून पुढचे दार उघडत नाही. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षास एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची सोय होते. दुसरी गोष्ट कारखान्यातील कामगारांसाठी. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, सभासद मरण पावल्यावर त्याच्या कायमच्या व पूर्ण दिव्यांग अपत्यास वयाची अट न ठेवता निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे. राज्य विमा योजनेतही कामगारावर सर्वस्वी अवलंबून असलेले दिव्यांग अपत्य, वय कितीही असो, कुटुंबात धरले जाते. म्हणून भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांत या लेकराचे नाव आहे की नाही, हे आजच पाहावे. नाव लिहिताना लाजू नये.

तिसरी गोष्ट वारशाची. आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करिता बाप वारला, तर विधवेस एक तृतीयांश व उरलेल्या दोन तृतीयांशांत सर्व मुलांस, मुलगा असो वा मुलगी, सारखा वाटा मिळतो. बुद्धी कमी म्हणून वाटा कमी, असे कायद्यात कोठेही नाही. भावांनी “त्याला काय करायचे आहे घर?” असे म्हणून त्याचा वाटा आपसांत वाटून घेणे ही शुद्ध चोरी आहे, व पापनिवेदनात ती चोरी म्हणूनच सांगितली पाहिजे. शक्य असेल त्यांनी वकिलाचा सल्ला घेऊन मृत्युपत्र करावे, किंवा १८८२ च्या न्यास कायद्याखाली त्या लेकराच्या नावे खाजगी न्यास करावा, व त्यात भरवशाची दोन-तीन माणसे नेमावी. एकाच माणसावर सारा भार टाकू नये. मनुष्य कितीही चांगला असला तरी तो मर्त्य आहे, आणि मोह कोणास चुकला?

चौथी गोष्ट विवाहाची. “आमच्यामागे याला पाहणारे कोणीतरी हवे,” म्हणून अशा मुलाचे लग्न गरीब घरच्या मुलीशी सर्व गोष्टी झाकून लावून देण्याची रीत समाजात आहे. बंधुभगिनींनो, विवाहसंस्कार हा वधूवरांच्या स्वतःच्या मोकळ्या संमतीने होतो. आईबापांच्या किंवा धर्मगुरूच्या संमतीने होत नाही. दोघांनाही विवाहाचा अर्थ समजत असेल व दोघांची खरी इच्छा असेल, तर बुद्धी थोडी कमी म्हणून त्यांस अडविणे योग्य नव्हे. परंतु ज्यास विवाह म्हणजे काय हेच उमगत नाही, त्याचे लग्न लावणे म्हणजे त्याच्यावर व त्या मुलीवर दोघांवरही अन्याय होय. परिचारिका पाहिजे म्हणून पत्नी करू नये.

पाचवी गोष्ट मताधिकाराची. न्यायालयाने तसे जाहीर केल्यावाचून, केवळ बौद्धिक दिव्यांगत्वामुळे कोणाचाही मताचा हक्क जात नाही. मतदार यादीत त्यांचे नाव घालावे. कोणास मत द्यावयाचे हे मात्र आपण त्यांस सांगू नये.

शेवटी धर्मग्राम या नात्याने आपले कर्तव्य काय, ते सांगून आम्ही हे लांबलेले भाषण संपवितो. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा निघाली, ती एका आईबापांच्या आपल्या मुलीविषयीच्या काळजीतून. आपल्याजवळ तेवढे द्रव्य नाही, परंतु काळजीस द्रव्य लागत नाही. महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक वाडीवस्तीतील अशा भावाबहिणींची एक वही करावी. तीत त्यांच्या आजारापेक्षा आवडीनिवडी आधी लिहाव्या: कोणास गाणे आवडते, कोणास फुले लावणे आवडते, कोणास कोणाची भीती वाटते. दोन-तीन शहाण्या गृहस्थांनी व भगिनींनी स्थानिक समितीच्या अर्जासाठी पालकांस मदत करावी, कारण कामगारास दिवस बुडवून कचेरीत खेटे घालणे परवडत नाही. कारखान्याच्या पाळीवर आईबाप असतात त्या वेळी आळीपाळीने कोणी सोबतीस बसावे, म्हणजे दाराला बाहेरून कडी लावण्याची पाळी कोणावर येणार नाही. आणि पुढील रविवारपासून मिस्सेतील दानाची थाळी नेण्यासाठी, मेणबत्ती लावण्यासाठी, दारात उभे राहून लोकांस नमस्कार करण्यासाठी यांस बोलवावे. बोलविण्यापूर्वी त्यांस विचारावे. ते नको म्हणाले, तर तो नकारही आनंदाने घ्यावा. ज्यास नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या हो म्हणण्यास अर्थ नसतो.

मातापित्यांनो, तुमच्या मनातील खरी भीती आम्ही ओळखतो. आमच्यामागे याचे कसे होईल, ही ती भीती. तिला उत्तर एकटा कायदा देऊ शकणार नाही व एकटे प्रेमही देऊ शकणार नाही. कायद्याने कागद होतील, प्रेमाने माणसे उभी राहतील. दोन्ही मिळून तुमचे लेकरू सुरक्षित राहील. परंतु सुरक्षित ठेवता ठेवता त्यास वस्तूप्रमाणे जपून ठेवू नका. तो देवाने तुमच्या स्वाधीन केलेला एक आत्मा आहे, आणि त्याच्या आत्म्याचा जाब त्याचा तोच देवासमोर देणार आहे. त्या दिवशी आपणांस एवढेच विचारण्यात येईल की याची इच्छा तुम्ही कधी ऐकिली काय.

ज्या नाझरेथच्या कुमारीस परमेश्वराने विचारिले व जिने मोकळ्या मनाने होकार दिला, ती आमची माता पवित्र मरिया या साऱ्या लेकरांस व त्यांच्या श्रमलेल्या आईबापांस आपल्या पदराखाली घेवो. आणि तिचा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त, आम्हां सर्वांस दुबळ्यांचा आवाज ऐकण्याचे कान देवो. आमेन.